वाकड्या दाताची शिफारस

लॅब बंद झाली त्याला सात महिने झाले. बावीस वर्षं मी तिथे कवळ्या केल्या. मेणात दात लावायचे, हिरड्यांना उतार द्यायचा, घासून-पुसून डबीत घालायच्या आणि दवाखान्यात पाठवायच्या. मग मालकांनी सगळं काम एका यंत्रवाल्या मोठ्या लॅबला देऊन टाकलं आणि आम्हा चौघांना हात जोडले.

"ओळखी काढा, वहिनी," नणंद म्हणाली. ती विमा विकते. तिला रस्त्यावरचा दिव्याचा खांबसुद्धा नमस्कार करतो. "भेटेल त्याला सांगत सुटा."

ओळखी काढायच्या कुठून? मी मागच्या खोलीत बसणारी बाई. दवाखान्यात माझ्या कवळ्या गेल्या, मी कधी गेले नाही. तरी लाज सोडली. इस्त्रीवाल्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, लेकीच्या शिक्षिकेला सांगितलं. अगदी दातांच्या कण्या केल्या. सगळे म्हणाले, "बघू हं." बघितलं कोणीच नाही. शेवटी नणंदेने एका चपलांच्या दुकानात माझं जमवलं. मी नको म्हटलं, तर ती आठवडाभर तोंड फुगवून होती.

तिला कसं समजवायचं? मला माझं टेबल हवं होतं. बर्नरची निळी ज्योत, गरम मेणाचा वास, डाव्या मुठीत कोणा अनोळखी माणसाच्या जबड्याचा साचा. हात इतके आसुसले होते की कपडे धुताना मी साबणाच्या वडीवर नखाने हिरड्या कोरत बसायची.

रोज सकाळी लेकीला बसमध्ये चढवायला जायची, तेव्हा थांब्यावर छत्रीवाले काका भेटायचे. नाव ठाऊक नाही. आभाळ कसंही असो, छत्री काखेत. आमचं बोलणं ठरलेलं.

"आली का?"

"यायची आहे."

"म्हणजे आजही वेळेवर उशीर."

हे सगळं ओठ मिटल्यासारखं, दाट मिशीखालून. काकू गेल्यापासून ते हसत नाहीत, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

त्या मंगळवारी बस चक्क वेळेआधी आली. काका म्हणाले, "चुकून आली असेल, परत पाठवा," आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं. चांगलं तोंडभर हसले. वरचा डावीकडचा दुसरा दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता.

तो मी चढवला होता. कवळीतले दात सगळे सरळ लावतात. मी मात्र पेशंटचा जुना फोटो मागून घ्यायची आणि त्याचा वाकडेपणा त्याला परत द्यायची. मालक वैतागायचे. "वाकडेच लावायचे तर देवाने दिलेले काय वाईट होते?"

लेक बसमध्ये चढली आणि मी बोलून गेले, "काका, तुमची कवळी मी केली आहे."

काकांनी पटकन तोंड मिटलं. आजूबाजूला पाहून हळूच म्हणाले, "ताई, ही कवळी आहे हे इथे कोणाला ठाऊक नाही."

मी माफी मागितली, आणि माफी मागता मागता सात महिने सांगून टाकले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या घरमालकांची सून दातांची डॉक्टर आहे. दवाखान्यातच लहानशी लॅब काढतेय. जिन्यातली तोंडओळख आहे, पण चला."

डॉक्टरबाई तरुण होत्या, बोलायला नीट होत्या. "तुमच्या कामाचा काही नमुना आहे?"

माझं सगळं काम लोकांच्या तोंडात. मी रिकाम्या हातांकडे बघत राहिले. काकांनी पाठ फिरवली, खिशातून रुमाल काढला आणि क्षणभराने तो डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवला. रुमालात वरची कवळी होती. मग तोंडावर हात धरून ते बाहेर गेले आणि चार पेशंटांच्या मधे, मान खाली घालून बाकावर बसले. काचेतून मला दिसत होते. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरबाईंनी कवळी दिव्याखाली फिरवली. "काठ सुरेख आहेत. पण हा दात वाकडा बसलाय. चूक कोणाची?"

मालकांवर ढकलता आलं असतं. "माझी," मी म्हटलं. "मुद्दाम केलेली." आणि फोटोचं सांगितलं.

त्यांनी तो दात पुन्हा एकदा पाहिला. "सोमवारी या. टेबल यायचंय अजून. मेण मात्र आलंय."

बाहेर आल्यावर मी काकांना रुमाल दिला आणि सोमवारचं सांगितलं. भिंतीकडे तोंड करून त्यांनी कवळी बसवली, मला शाबासकी दिली. थांब्यापर्यंत आलो तेव्हा मी फोटोचीही गोष्ट सांगत होते. ते थबकले.

"फोटो? मी कधी फोटो दिला नव्हता."

मला लख्ख आठवलं. हसणारा तरुण, शेजारी मुलगी, तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्याकडे. "काकूंनी पाठवला असणार. मागे लिहिलं होतं: हा दात असाच हवा. ह्यांना विचारू नका, नको म्हणतील."

"मला म्हणाली होती, योगायोगाने बसला बघा तसाच." काकांनी छत्री उघडली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. चेहरा झाकेल इतकी ती खाली धरली.

सात महिने मी ओळखी शोधत वणवण फिरले आणि मला काम मिळवून दिलं कोणी, तर कधी न भेटलेल्या या बाईने. आता तिचे आभार मानायला मी जाणार कुठे?

छत्रीखालून काकांनी विचारलं, "अक्षर कसं होतं?"

"बारीक. उजवीकडे झुकलेलं."

"हो," ते म्हणाले. "तिचंच."

बस आली. आम्ही ती जाऊ दिली.