लेकीचं कार्ड

तीस वर्षं मी चष्मे बनवतेय आणि दुकानात माझा एकच नियम आहे. वर्षभरात कुणाचा सिलिंडरचा, म्हणजे बुबुळाच्या वाकडेपणाचा, नंबर अर्ध्याहून जास्त वाढला, की त्याच्या कार्डावर लाल पेनने लिहायचं, 'डॉक्टरांना दाखवा.' दाखवून येईपर्यंत चष्मा मिळत नाही. गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो, मी बधत नाही.

त्यातून माझीच लेक लेझर करायचं म्हणाली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. "चष्मेवालीची मुलगी चष्मा काढायला निघाली! लोक हसतील ना गं मला!"

"हसू देत. अग्निशमन दलाच्या भरतीत चष्मा चालत नाही, आई. आणि पाचच महिने राहिलेत."

दोन वर्षं ती पहाटे उठून दोरावर चढत होती. तळहातांना घट्टे पडले होते. मी गप्प बसले. म्हणजे माझ्या मानाने गप्प.

मग मीच कंबर कसली. चार ठिकाणी विचारून वहीत दोन रकाने पाडले. पहिली पद्धत पापुद्र्याची. बुबुळावरचा पातळ पापुद्रा कापून झाकणासारखा उघडायचा, खाली लेझर मारायचं, पापुद्रा परत बसवायचा. दुसऱ्या दिवशी चांगलं दिसतं. दुसरी वरवरची. नुसती वरची साल काढून लेझर मारायचं. चार दिवस डोळ्यांत तिखट गेल्यासारखं होतं, नजर बसायला महिना-दोन महिने लागतात. सिलिंडर दोन्हींत जातो.

"पापुद्र्याची कर. झटपट काम," मी म्हटलं.

"आणि आगीत डोळ्यावर काही आदळून पापुद्रा सरकला तर? मला वरवरचीच."

"चार दिवस बोंबलशील."

"बोंबलेन. तू आहेस की ऐकायला."

कार्टी माझ्यावरच गेलीय.

डॉक्टरीणबाईंनी मशीनवर तिच्या बुबुळांचे नकाशे काढले. ते रंगीत कागद त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जुने नंबर आहेत का?"

"आहेत म्हणजे काय! दरवर्षी मीच तपासते. घरच्या पोरीला रांगेत कशाला बसवायचं?" मी ऐटीत कार्ड पुढे केलं. तीन वर्षांपूर्वी सिलिंडर एक. मग पावणेदोन. मग पावणेतीन. यंदा चार.

बाईंनी कार्ड खाली ठेवलं. "बुबुळ पातळ होऊन पुढे येतंय. यावर लेझर मारलं तर आणखी बिघडेल. कुठल्याच पद्धतीने नाही करता येणार. थेंब आणि किरणांचा उपचार करून हे वाढणं थांबवता येईल, पण चष्मा राहणार."

"आधी आलो असतो तर?" लेकीने विचारलं.

"पावणेदोनवर बहुतेक थांबवता आलं असतं."

दरवर्षी नवी काच घातली की ती म्हणायची, "आई, कसलं स्वच्छ दिसतंय!" आणि मी माझ्याच हातावर खूश व्हायचे. परक्यांशी भांडले, घरात मात्र आंधळी झाले. तिथेच मला रडू फुटलं. ती रडली नाही. उपचाराची तारीख तिनेच घेतली.

परत आल्यावर तिने दुकानाचं कुलूप काढलं, माझ्या गल्ल्याशेजारचं लाल पेन उचललं आणि आपल्या कार्डावर, पावणेदोनच्या समोर, सावकाश लिहिलं, 'डॉक्टरांना दाखवा.'

मग पेन जागेवर ठेवून ती घरी गेली.