ब्रेकची पहिली फेरी

तीन महिने मी एकच तक्रार करत होते आणि तीन महिने माझा सख्खा भाऊ मला एकच उत्तर देत होता. मी म्हणायचे, "दादा, डोंगर उतरताना पुढचा ब्रेक मऊ पडतो." तो म्हणायचा, "ब्रेक नाही गं, तुझं मनगट मऊ पडतं." मग त्याच्या गॅरेजमध्ये बसलेली गिऱ्हाइकं हसायची आणि दादाला अजून चेव यायचा.

मी डोंगरावरच्या दवाखान्यातून रक्ताचे नमुने खाली प्रयोगशाळेत पोचवते. आठवड्यातून पाच दिवस, मोटरसायकलच्या मागे थंड पेटी बांधून, अकरा वळणं. सातव्या वळणापर्यंत सगळं ठीक असतं. आठव्याला ब्रेकचा लिव्हर नको तितका आत जायला लागतो आणि दहाव्याला थेट मुठीला टेकतो. गेल्या मंगळवारी मी एका टेम्पोच्या मागे इतक्या जवळ जाऊन थांबले, की त्याची पाटी रंगवणाऱ्याचा बारीक अक्षरातला फोन नंबरसुद्धा वाचता आला. तशीच गॅरेजला आले.

दादाने गाडी समोरच्या गल्लीत नेली, वीस पावलं चालवली, ब्रेक दाबला. "थांबली की नाही? नाचता येईना, अंगण वाकडं!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. सपाट गल्लीत तर हातगाडीही थांबते. हा माणूस माझ्या गाडीवरून एकदाही डोंगर उतरला नव्हता, आणि माझं मनगट मात्र त्याला पाठ होतं!

शेवटी मीच चार जाणकारांना विचारलं. ब्रेकच्या तेलाची जुनी रबरी नळी तापली की फुगते, आणि हाताचा निम्मा जोर चाकापर्यंत न पोचता ती फुगवण्यातच जातो. त्यावर उपाय म्हणजे वरून स्टीलच्या तारांची जाळी विणलेली नळी. ती फुगत नाही. मी मागवली. सोबत छोट्या पाकिटात तांब्याचे चार नवे वायसर आले, म्हणजे भोकाच्या पातळ चकत्या, नळीच्या दोन्ही टोकांच्या बोल्टांना लावायचे. ते का हवेत हे मला कुणी सांगायला नको होतं. हे गॅरेज मुळात आमच्या वडिलांचं, आप्पांचं. ते असताना मी तिथेच बसून अभ्यास करायचे. "तांबं एकदाच दबतं," आप्पा म्हणायचे. "जुना वायसर परत लावला, की जोराचा ब्रेक मारल्यावर तेल पाझरणार."

आप्पांचा आणखी एक नियम होता. ज्याने ब्रेकला हात लावला, पहिली फेरी त्याची. कोपऱ्यापर्यंत नव्हे, गॅरेजमागच्या टेकडीच्या टोकावरून खालच्या पुलापर्यंत. तिथून परत आल्यावरच ते मालकाला चावी द्यायचे. दादा हा नियम गिऱ्हाइकांना मोठ्या अभिमानाने सांगतो. भिंतीवर रंगवूनही घेतलाय.

रविवारी सकाळी मी नळी त्याच्या हातात ठेवली.

"चकाकतेय छान," तो म्हणाला. "गाडीला दागिना घालायचाय का बाईसाहेबांना?"

"तू बसव. बोलू नकोस."

त्याने जुनी नळी काढली. मधोमध बोटभर जागा टम्म फुगलेली आणि रबराला भेगा. मी ती त्याच्यासमोर धरली.

"हे माझं मनगट का रे?"

"गाडी जुनी झाली की होतंच असं," तो म्हणाला आणि नळी भंगाराच्या डब्यात टाकली. चुकलं म्हणायला याची जीभ झडली असती! तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला म्हणून मी बाहेर गेले. फोन बराच लांबला; परत आले तर नवी नळी बसली होती, तेल भरलं होतं, आतली हवाही काढून झाली होती. त्याने हात पुसून चावी पुढे केली.

"घे. लिव्हर दगडासारखा झालाय. जा आता."

मी चावी घेतली नाही.

"पहिली फेरी?"

"अगं, घरच्या गाडीला कसली पहिली फेरी?"

"भिंतीवर घरची आणि दारची असं लिहिलेलं नाही. टेकडीवरून पुलापर्यंत जाऊन ये. पेटी बांधते मागे, वजन सारखं हवं."

दोन गिऱ्हाइकं बघत होती. या वेळी हसलं कुणी नाही. दादाने हेल्मेट घातलं, गाडीवर बसला, चावी फिरवली. मग तसाच थांबून राहिला. पुढच्या चाकाकडे बघितलं, टेकडीकडे बघितलं. गाडी बंद केली, उतरला आणि हेल्मेट काढून पुन्हा पाना हातात घेतला.

"एकदा बघून घेतो," तो पुटपुटला.

त्याने दोन्ही बोल्ट खोलले. त्यातून चार काळपट, चेपलेले वायसर निघाले. मग त्याने आपल्या शर्टाच्या खिशातून माझं पाकीट काढलं. न फोडलेलं.

"गिऱ्हाइकाच्या गाडीला होतील म्हणून ठेवले होते," तो खाली बघत म्हणाला. "घरच्या गाडीला आपण जुनंच वापरतो ना नेहमी. सवयच आहे गं."

"गाडी घरची, दादा. आणि तिच्यावर बसणारी?"

त्याने नवे वायसर लावले, तेल भरलं, पुन्हा हवा काढली. पाऊण तास गेला. मग टेकडीवरून खाली जाऊन आला आणि मान डोलावत म्हणाला, "मस्त लागतोय ब्रेक. आता तुला काही भीती नाही."

मला खूप ओरडायचं होतं. रडूही येत होतं, पण त्याच्यापुढे रडायचं नव्हतं. मी ते चार जुने वायसर उचलले आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टाकले.

"मला चावी देताना हे चालत होते तुला," मी म्हटलं. "स्वतः बसलास, तेव्हा नाही चालले."