ताईचं नाक

अपघातात ताईचा चेहरा ओळखू येईना इतका मोडला, त्याला आता किती तरी वर्षं झाली. शस्त्रक्रियेआधी सर्जननी तिचा जुना फोटो मागितला. "जसं होतं तसंच बसवायचंय," ते म्हणाले. बाबांनी घाईघाईत तिच्या लग्नाआधी स्थळांना पाठवलेला फोटो काढून दिला.

सर्जन फोटोवर पट्टी ठेवून मोजू लागले. "नाक अगदी सरळ होतं म्हणजे."

भाऊजी शेजारीच बसले होते. बाबांचे कान लाल झाले. ताईचं नाक जन्मापासून डावीकडे झुकलेलं. फोटोवाल्याकडून ते बाबांनीच सरळ करून घेतलं होतं. आता गप्प बसले असते, तर ताईला कायमचं परकं नाक मिळालं असतं.

"नव्हतं हो," बाबा खाली बघत पुटपुटले. "फोटोत मीच सरळ करून घेतलं. जावईबापू, तुम्हाला फसवलं मी."

"बाबा, तुमच्याकडे पहिल्यांदा आलो तेव्हा डोळे काही घरी ठेवून आलो नव्हतो," भाऊजी म्हणाले. "डॉक्टर, डावीकडेच असू द्या. मला तेच हवंय."

तरी बाबांना मान वर करवेना. तशाच खाली मानेनं, बोटानं नाक नेमकं किती झुकलेलं होतं ते फोटोवर सर्जनना दाखवू लागले.