हेंद्रेपाड्याचा हातभोंगा

मी एक जुना हातभोंगा आहे. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी मला पक्कं बसवलं आहे. माझ्या बाजूला एक दांडा आहे. तो जोरात फिरवला की मी ओरडतो. मला वीज लागत नाही, फक्त माणसाचा हात लागतो, आणि तोच फार क्वचित मिळतो. एरवी मी म्हणजे नुसता लाल डबा. कबुतरंसुद्धा मला भीत नाहीत, खुशाल डोक्यावर बसून घाण करतात.

मित्रांनो, मला कुणी घडवलं ते मला ठाऊक नाही. माझी आठवण सुरू होते ती अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात. तिथे छपरावर विजेवर चालणारा एक मोठा भोंगा होता. सगळा मान त्याचा. वीज गेली की मात्र पाळी सुटल्याचं मी सांगायचो. मी ओरडलो की फाटक उघडायचं, कामगार सायकली काढून घराकडे निघायचे, आणि मागे वळून माझ्याकडे कुणी बघायचं नाही. भुकेल्या माणसाला भोंग्याचं कसलं कौतुक! एकदाच शशिकांत नावाचे एक तरुण अधिकारी जाता जाता थांबून म्हणाले, "आवाज मात्र खणखणीत आहे हं याचा." तेवढ्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं काढली.

मग कारखाना बंद पडला. यंत्रं गेली, पत्रे गेले, शेवटी मीही गेलो. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका जुन्या सामानाच्या दुकानात मी येऊन पडलो. एका बाजूला मोडके कूलर, दुसऱ्या बाजूला पंख्यांची पाती. गिऱ्हाइकं यायची, गंमत म्हणून माझा दांडा अर्धा फिरवायची, मी जरा कण्हलो की हसायची आणि पुढे जायची. माझ्या सांध्यांत गंज चढला. इतक्या गजबजलेल्या बाजारात राहून मी इतका एकटा पडेन, असं मला कधी वाटलं नव्हतं.

एके दिवशी दुकानात ओळखीचा आवाज आला. तेच शशिकांत, आता निवृत्त झालेले, केस पांढरे झालेले. हेंद्रेपाड्यात त्यांच्या इमारतीचा पाण्याचा पंप पुरात बुडाला होता, म्हणून ते जुना पंप शोधत आले होते. मला पाहून ते थबकले.

"अहो, हा तर आमच्या कारखान्यातला!"

दुकानदार हसला. "साईं, पंप लेने आए थे ना? ये भोंगा लेके क्या करोगे? शादी में बजाओगे?"

"लोगों को उठाना है," शशिकांतकाका म्हणाले, आणि पंपाबरोबर मलाही टेम्पोत घातलं.

का उठवायचं, ते मला नंतर कळलं. पंप बुडवणारा तो पूर उल्हास नदीला आला तेव्हा पहाट होती. फोनवर इशारे आले होते, पण दर पावसाळ्यात ते इतके येतात की 'लांडगा आला रे आला' अशी गत झालेली. कुणी उघडून पाहिले नाहीत. तळमजल्यावर बनूबाई एकट्या राहतात. मूळच्या बदलापूर गावातल्या, वय झालेलं, गुडघे गेलेले. पाणी खाटेला लागलं तेव्हा त्यांना जाग आली. शेजाऱ्यांनी त्यांना खिडकीचे गज कापून बाहेर काढलं. तेव्हापासून पावसाळ्यात त्या उशाशी बोचकं बांधून झोपतात. त्या बाईंना वेळेवर वर आणायचं, एवढ्यासाठी मला आणलं होतं.

मला घासलं, तेल पाजलं, लाल रंग दिला. जूनच्या एका रविवारी सकाळी चाचणी ठरली. शशिकांतकाकांनी दांडा फिरवला आणि मी इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं ओरडून घेतलं. खाली दारं उघडली, माणसं धडाधड बाहेर आली. मला केवढा आनंद झाला!

आणि मग ती सगळी माणसं नदीकडे पळाली.

त्यांना काय बोल लावणार? नदी भरली की बघायला जायचं, ही इथली जुनीच खोड. पोरांना कडेवर घेऊन, फोन उंच धरून, अख्खा पाडा काठावर जाऊन उभा राहिला. नदी आपली तळाशी निवांत वाहत होती. "पाणी कुठंय रे?" "भोंगा झाला, चला, डबा घ्या कामावर!" असे विनोद सुरू झाले. दुपारपर्यंत इमारतीच्या ग्रुपवर एकाने लिहिलंही, की काकांनी उल्हासनगरचं भंगार आणून डोक्यावर ठेवलं. काकांनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला कळलं. मला फार लागलं ते. आपला आवाज माणसांना पाण्याच्या तोंडी पाठवतो, यापेक्षा दुकानात गंजत पडलेलं काय वाईट होतं?

संध्याकाळी काका पाना घेऊन गच्चीवर आले. मला उतरवून परत द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरची यशोधरा आली. ती कल्याणला एका ऑफिसात नोकरी करते.

"काका, थांबा. सकाळी सगळे नदीवर गेले ना, तेव्हा मी बनूआजींकडे गेले. दार सताड उघडं. त्या बोचकं मांडीवर घेऊन खाटेवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, 'पोरी, सगली गेली पानी बघाया. मना वाटला, मना न्यायाला कोनतरी येल.'"

काका टाकीच्या कट्ट्यावर बसले. "म्हणजे पूर्ण फेल. माझंच चुकलं. उद्याच नेऊन देतो याला."

"भोंग्याचं काय चुकलं? तो मस्त वाजला. वाजल्यावर वर यायचं, हे आपण सांगितलंच नाही कुणाला. बरं झालं काका, आज चुकलं. पाणी नव्हतं तेव्हा चुकलं!"

काकांनी पाना खिशात टाकला. मित्रांनो, मला अश्रू असते तर मी तेव्हा रडलो असतो.

पुढचे रविवार चुका शोधण्यात गेले. तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला वरचं एक घर जोडून दिलं. भोंगा वाजला की वरच्यांनी आधी खाली जायचं, आपलं माणूस घ्यायचं आणि गच्ची गाठायची. बनूबाई यशोधराच्या वाट्याला आल्या. दुसऱ्या चाचणीत जिन्यातल्या सायकली आणि चपलांच्या कपाटांत सगळे अडकले, बाचाबाची झाली. सायकली हलल्या. तिसऱ्या खेपेला बनूबाईंना खुर्चीत बसवून आणताना पहिल्याच मजल्यावर खुर्चीचा पाय मोडला, त्यांना तिथूनच परत न्यावं लागलं. मग लाकडी भक्कम खुर्ची आली. आमची प्रत्येक फजिती काहीतरी शिकवून गेली. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे बरं.

जुलैच्या शेवटी नदी खरोखर आली. सकाळची वेळ होती, वीज केव्हाच गेली होती. काकांनी दांडा धरला आणि मी ओरडलो. या वेळी नदीकडे कुणी गेलं नाही. मला जिना दिसत नाही, फक्त गच्चीचं दार दिसतं. त्या दारातून भिजलेली माणसं एकेक करून वर येऊ लागली. काकांचा हात थकला तेव्हा दुसऱ्याने दांडा घेतला.

पण बनूबाई आल्या नाहीत. यशोधराही नाही.

आवारात कमरेइतकं पाणी झालं. काका कठड्यावरून वाकून "यशोधरा! ए यशोधरा!" म्हणून हाका मारत होते. मला दुसरं काय येतं? मी ओरडत राहिलो. घसा फाटेल असं वाटलं, तरी थांबलो नाही.

शेवटी दारात ती लाकडी खुर्ची दिसली. चौघांनी उचललेली, आणि तिच्यात बोचकं कवटाळून बनूबाई. यशोधराच्या खांद्याला खरचटलं होतं. "दार फुगून बसलं होतं काका, उघडतच नव्हतं. तोडावं लागलं." जिन्यात सायकली असत्या तर काय झालं असतं? सगळ्यांच्या मनात तेच होतं.

सगळे ताडपत्रीखाली दाटीवाटीने बसले. कुणी चहाचा थर्मास उघडला, कुणी बनूबाईंचे पाय पुसले. मी टाकीशेजारी पावसात उभा होतो. माझं काम झालं होतं.

बनूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "योच का तो बोंबलनारा?"

"हो आजी, हाच."

"मंग त्याला का भिजत ठेवलाव?" असं म्हणून त्यांनी बोचक्यावरचं प्लास्टिक सोडलं आणि यशोधराला माझ्यावर घालायला लावलं. त्यांचं बोचकं भिजू लागलं. इतक्या वर्षांत मला झाकायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

आता पुन्हा गच्चीवर कुणी येत नाही. उन्हाळ्यात कुणी पापड वाळत घालतं, तेवढीच सोबत. एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू? पण मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना गरज नसतानाच जपायचं असतं. पावसाळ्याआधी आमच्या सांध्यांत तेल घाला, एकदा वाजवून बघा, आणि काही चुकलं तर लाजून ते झाकू नका. त्या चुकीपाशी थोडा वेळ बसा.

यशोधरा अधूनमधून तेलाची बाटली घेऊन वर येते. बनूआजींनीच पिटाळलं म्हणून सांगते. बनूबाईंना जिना चढवत नाही आणि मला खाली जाता येत नाही. आमची भेट व्हायची तर पूरच यायला हवा. मला त्यांना पुन्हा एकदा बघायचं आहे, फार बघायचं आहे. तरी रोज आभाळाकडे बघून मी एकच मागणं मागतो, की ती भेट कधी होऊ नये.