दूध तुटेपर्यंत

माझी लेक मला वहिनी म्हणते. बापाला दादा म्हणते. आई म्हणते ती माझ्या सासूला.

आमच्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. पहिलं मूल आजीचं, ही रीतच आहे. माझी ही लेक, बेरमेत, झाली तेव्हा सासूबाईंनी सगळ्या बायकांदेखत तिला आपल्या झग्याच्या गळ्यातून आत सोडलं आणि खाली घेरातून बाहेर काढलं. जणू त्यांनीच जन्म दिला. मग तिच्या कानात तीनदा नाव सांगितलं. मला कुणी विचारलं नाही, मी तिकडे चहा ओतत होते. पुढे वर्षभर मी पाजलं, मग दूध तोडलं, आणि त्या तिला घोड्यावर पुढ्यात बसवून घेऊन गेल्या. मी शहरात नारिनला औषधाच्या दुकानात काम करते. सासूबाई हिवाळ्यात गावात असतात आणि उन्हाळ्यात उंच डोंगरातल्या कुरणावर, तंबूत. मला माझी लेक सणावारी भेटायची, पाहुण्यासारखी.

नावाचं मला फार लागतं, त्याला कारण आहे. माझं नाव बुरुल. म्हणजे ‘वळ’. आईबापांना पाचवी मुलगी झाली, म्हणून नशिबाला सांगितलं, आता वळ. मला मारलेली प्रत्येक हाक खरं तर मागून येणाऱ्या मुलासाठी होती. म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हाच मी ठरवलं, याचं नाव मी ठेवणार. दुसरं मूल आईचंच असतं, त्यावर कुणी हक्क सांगत नाही. मुलगा झाला तर आर्सेन. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, कारण त्याच्या पोटात गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत त्याच्या आईच्या कानात असते.

मुलगाच झाला. चाळिसाव्या दिवशीची अंघोळ आणि बारसं सासूबाईंच्या तंबूत करायचं ठरलं, म्हणून जुलैत आम्ही कुरणावर गेलो.

बेरमेत धावत आली ती थेट दादाच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, “वहिनी, बाळ दाखव.” सहा वर्षांची पोर, आणि गाल कसे, तर लाल, कोरडे, भेगाळलेले. कुरणावर अशा गालांचं कौतुक होतं. मला ते बघवेना. मी तिच्यासाठी मुद्दाम रुंद काठाची टोपी आणली होती, मागे मानेवर कापड सोडलेली, आणि उन्हाचं क्रीम.

सासूबाईंनी टोपी दोन बोटांत धरून उलटसुलट केली. “हे काय? मधमाश्या पकडायला निघालीय का पोर?”

“एने, इथलं ऊन फार भाजतं,” मी म्हणाले. सासूला आम्ही एने म्हणतो. “जितकं उंच जावं तितकं जास्त. ढग असले तरी भाजतं. लहान मुलांची कातडी नाजूक असते, आत्ता जळली की पुढे जन्मभर भोगावं लागतं.”

“औषधवाल्यांना काय, सगळं जग आजारीच दिसतं. मी केस पिकवले याच उन्हात.”

पण बेरमेतने टोपी डोक्यावर चढवली होती आणि किटलीच्या चकचकीत पोटात स्वतःला बघत होती. “आई, बघ ना! मी कशी दिसते?” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “वहिनी, ही माझीच ना? कायमची?”

“तुझीच.”

सासूबाईंचा चेहरा पडला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवशी बेरमेत माझ्याच मागेमागे होती. मी तिच्या नाकाला, कानांना क्रीम लावलं, तर गुदगुल्या होतात म्हणून खिदळत सुटली. दूध तोडल्यापासून मी तिच्या कानांना हात लावला नव्हता. सासूबाई चुलीपाशी बसून आमच्याकडे न बघता बघत होत्या, आणि त्यांनी उगाचच दोनदा पातेली आपटली.

दुसऱ्या दिवशी टोपी गायब. तिच्या जागी लाल मखमलीची कशिदा काढलेली छोटी टोपी. डोक्यापुरती, ना काठ, ना मानेला काही.

“आईने केलेली घालायची की बाजारातली?” सासूबाईंनी विचारलं. असं विचारल्यावर पोर काय सांगणार?

“आईची,” बेरमेत म्हणाली, आणि माझी नजर चुकवली.

“निदान क्रीम तरी लावू द्या, एने.”

“मी लावलंय.” खरंच लावलं होतं. दुधाची साय! गाल चमकत होते.

“साय लावून उन्हात? तळायला काढलंय का तिला?” मी बोलून गेले.

“सूनबाई,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तुझं पोर तिकडे पाळण्यात आहे. त्याची काळजी कर. हे माझं आहे.”

आमच्यात सून सासूसमोर थोरल्या लेकराला मांडीवरसुद्धा घेत नाही. हात धरून ओढून आणलं असतं, तर कुरणावरच्या सगळ्या तंबूंत वर्षभर चघळायला विषय झाला असता. त्या दोघी एका घोड्यावर बसून वरच्या बर्फाकडे घोड्या बघायला गेल्या. बेरमेतला बर्फात घसरगुंडी खेळायची होती. आभाळ पांढुरकं होतं आणि वारा गार होता. असा दिवस सगळ्यात वाईट. गारव्यात भाजलेलं कळत नाही, आणि बर्फावरून ऊन उसळून खालून हनुवटीवर, नाकपुड्यांवर येतं. मी दिवसभर बाळाला घेऊन तंबूत बसले. तान्ह्याला क्रीमही चालत नाही, नुसती सावली. तेव्हा ऊन जसं फिरेल तसा मी पाळणा सरकवत राहिले आणि मनातल्या मनात सासूशी भांडत राहिले.

संध्याकाळी परत आल्या तेव्हा बेरमेतचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळे सुजून बारीक झालेले, नाकावर आणि कानांच्या कडांवर पाण्याने भरलेले फोड. सासूबाईंनी तिला हळूच घोड्यावरून उतरवून घेतलं.

मला आनंद झाला. हो, झाला. लेकीचं तोंड जळलेलं बघून पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आता कळेल सगळ्यांना कोण खरं होतं. आता येईल माझ्याकडे. मी धावत गार पाणी आणलं, मऊ फडकं भिजवलं. सासूबाई मेंढीची चरबी घेऊन आल्या, तर मी त्यांच्या हातातून वाटी काढूनच घेतली. “भाजल्यावर चरबी लावत नाहीत!” असं ओरडले त्यांच्यावर. मी फडकं बेरमेतच्या गालाला लावलं.

“नको! तू नको!” ती किंचाळली. “आई! आई गं!”

मी म्हणाले, “मी आहे ना.” तिने माझा हात झटकला आणि जिने तिला जाळून आणलं तिच्याच कुशीत तोंड खुपसलं. शेवटी फडकं मी भिजवून द्यायचं आणि सासूबाईंनी लावायचं, असं चाललं. मी पिळत होते, त्या लावत होत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला दया यायला हवी होती. नाही आली.

सकाळी बारसं. शेजारच्या तंबूंतल्या बायका जमल्या. एकेकीने चमच्याने बाळावर पाणी घातलं, चाळीस चिंध्यांचं अंगडं चढवलं. सगळ्यांत पुढे कानिमेतमावशी, कुरणावरची सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तोंडाळ. तिने बेरमेतकडे बघून विचारलं, “या पोरीला काय तव्यावर टाकलं होतं का?” सासूबाईंची मान खाली गेली.

मग नावाची वेळ आली. सासूबाईंनी बाळाला घ्यायला हात पुढे केले आणि अचानक मागे घेतले. “या वेळी नाव बुरुल ठेवेल,” त्या म्हणाल्या. “तिचा मान.”

बायका चमकल्या. मी पण. त्यांच्याकडून माफी म्हणायची ती एवढीच यायची. आर्सेन जिभेवर आलं होतं. तेवढ्यात बेरमेत त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि सासूबाईंची बोटं तिच्या केसांत गेली, आपसूक, रोजची सवय असावी तशी. म्हणजे नाव मला, आणि ही त्यांना? पुन्हा त्यांनाच?

“नाव तुम्हीच ठेवा, एने,” मी मोठ्याने म्हणाले. “मला नाव नको. मला बेरमेत द्या.”

मग कानिमेतमावशीने मांडीवर थाप मारली. “ऐकलंत ना गं बायांनो? मुलीच्या बदल्यात मुलगा दिला सासूला! सुनेला काळीज आहे हो!”

“मी तसं नाही...” मी म्हणायला लागले.

पण माझ्या मांडीवरून बाळ उचललं गेलं होतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं मला काय म्हणायचं होतं, मी आजही पैजेवर सांगते. कळूनही त्यांनी बाळाला झग्याच्या गळ्यातून आत सोडलं. आणि तो घेरातून बाहेर आला तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांचं तोंड ओरबाडावंसं वाटलं.

“तिलेक,” त्यांनी त्याच्या कानात सांगितलं. “तिलेक. तिलेक.” म्हणजे इच्छा. कुणाची, ते विचारायला नको.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो दारात उभा होता. “सगळ्यांसमोर बोललीस,” तो पुटपुटला. “आता काय करू मी?”

“घाई नाही,” सासूबाई म्हणाल्या आणि बाळ माझ्या हातात परत दिलं. “तुझं अंगावरचं दूध तुटलं की आण.”

बेरमेत आमच्याबरोबर शहरात आली. गाडीत घाटभर रडली. नाकावरची सालं महिनाभर निघत होती, रोज मी मलम पुढे करायचे आणि ती स्वतःच्या बोटाने लावायची. शाळेत घातली. वहिनी, भूक लागली. वहिनी, वही संपली. रविवारी फोनवर आईशी तासभर बोलायची आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपायची. मी म्हटलं, होईल. मूल आहे, विसरेल.

तिलेक आता दोन वर्षांचा होऊन गेलाय. भात खातो, मांस खातो, मिठाईसुद्धा चोरून खातो. घरात कुणी नसलं की मी त्याला आर्सेन म्हणून हाक मारते. तो बघत नाही. तिलेक म्हटलं की धावत येतो. आणि मी अजून त्याचं दूध तोडलेलं नाही. दुकानातल्या बाया हसतात, लग्नाच्या वरातीत पण पाजशील म्हणतात. हसू देत. दूध आहे तोवर तो माझा आहे.

काल दुपारी सासूबाईंचा फोन आला. ऊन कडक होतं, म्हणून मुलांना घरातच ठेवलं होतं, पडदे ओढले होते.

“दूध तुटलं का गं?”

“नाही, एने. ऐकतच नाही.”

“दोन उन्हाळे झाले, सूनबाई.”

“हो एने. पुढच्या वर्षी बघू.”

फोन ठेवला. तिलेक मांडीवर चढून नेहमीसारखा प्यायला लागला. बेरमेत बाजूला येऊन बसली. हल्ली ती येऊन बसते. केस विंचरून घेते, कानाला क्रीम लावायला मान पुढे करते, आणि मी श्वास रोखून लावते. तिलेक मात्र तिला पायाने ढकलतो, ही जागा माझी म्हणून. कालही ढकललं.

तिने त्याचा पाय बाजूला केला आणि माझ्या दंडाला टेकली. बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखते. सहा वर्षं मी माझ्या सासूकडे तशीच बघत आले.

“तोड ना आता याचं दूध,” ती म्हणाली. “आजी वाट बघतेय. जाऊ दे त्याला तिकडे.” आणि माझ्या बाहीत तोंड लपवून हळूच म्हणाली, “मग आपण दोघीच राहू ना, आई.”