काशिनाथाची नर्सबाय

सातेरी देवीची आण घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं असेल तर माझी जीभ झडो!

कोरगावच्या काशिनाथाचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. मधल्या दिवसांत सकाळी दहाला हॉस्पिटलातून समीक्षा नर्सचा फोन यायचा: वजन किती, पाणी किती प्यालात, पायांना सूज आहे का. हा गडी त्याआधी दाढी करून, केसांना तेल चोपडून सोप्यावर तयार! त्याची बायको अनुसया, तिचा नुसता जळफळाट व्हायचा. चाळीस वर्षं तिनं "बरं वाटतं ना?" विचारलं, तर हा फक्त "हूं" म्हणायचा. नर्सबायला मात्र सगळं पुराण.

एके दिवशी दहाच्या आधीच तिनं शेजारच्या सिद्धीचा मोबाईल घेतला, गोठ्यामागे गेली आणि नाकात बोलत नवऱ्याला फोन लावला. "काशिनाथकाका, काल काय प्यालात? खरं सांगा हां."

"चुकलो गो बाय. चोरून अर्धं शहाळं प्यालो. आमच्या हिला नको सांगू. मला जरा धाप लागली तरी ती जेवत नाही. म्हणून तिच्यापुढे मी आपला 'हूं' म्हणतो."

अनुसयेला हुंदका आला. तो गिळून ती आपल्या खऱ्या आवाजात गरजली, "अहो, शहाळं तुम्हाला वर्ज्य ना? थांबा, आधी नर्सला सांगू!"

काशिनाथाच्या हातातून फोनच पडला. दहाला समीक्षाचा फोन आला, तेव्हा सोप्यावर दोघंही बसली होती.

बरं, एवढं कबूल करते: अर्धं शहाळं माझ्या पदरचं. मेल्यानं अख्खं संपवलं होतं.