लिंबू काढलेली सुरी

मी नवरदेवाची सुरी बोलतेय. पत्ता विचाराल, तर रायपूरच्या एका पोलीस ठाण्याचा मालखाना, म्हणजे जप्त मालाची खोली, खालून दुसरा कप्पा. इथे आले तेव्हा माझ्या मुठीला चिठ्ठी बांधली: 'चाकू, एक नग'. जन्मात मला कुणी चाकू म्हटलं नव्हतं.

भंडाऱ्याच्या एका लोहाराने मला नानांच्या लग्नासाठी घडवलं. आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती सुरी देतात, टोकाला लिंबू खोचतात. मांडव उतरेपर्यंत ती सोडायची नाही, झोपतानाही उशाशी घ्यायची. नाना रेल्वेत लागले, तशी मीही रायपूरच्या बूढापाऱ्यात राहायला आले. पुढे त्यांच्या मुलाचं लग्न माझ्याच सोबतीने झालं. एरवी मी देव्हाऱ्याखालच्या डब्यात असायची. साधी काकडीसुद्धा कधी चिरली नाही मी.

मग नातवाची, पियुषची पाळी आली. राज्य नवीन झालं होतं आणि त्याला नव्या मंत्रालयात नोकरी लागली होती. फक्त पोलिसांची चौकशी पूर्ण व्हायची होती. राज्याची पहिली निवडणूकही तेव्हाच आली होती, त्यामुळे नाक्यानाक्यावर झडती चालू होती.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी पंडरी बाजारातल्या शिंप्याचा निरोप आला, शेरवानी एकदा घालून बघा. पियुष स्कूटर काढू लागला.

"सुरी घेतली का बावा?" नानांनी विचारलं.

"नाना, वहाँ ऑफिसवाले मिलेंगे तो हँसेंगे."

"हसू दे. काहून इतका लाजून राहिला तू? हळद लागलेल्या पोट्ट्यानं सुरी सोडायची नसते."

त्याने मला घेतलं खरं. पण गल्लीच्या वळणावर स्कूटर थांबवून लिंबू काढलं, डिकीत टाकलं आणि मला शर्टाच्या आत पँटीत खोचलं. तोंडावरची हळद तर सकाळीच साबणाने घासून काढली होती. मला वाटलं, लाजतोय बिचारा, लाजू दे. त्यात काही धोका असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

नाक्यावर हवालदार देवीदासने त्याच्या कमरेवर हात फिरवला आणि मला बाहेर ओढलं. चार माणसं मागे सरकली. मला बघून मागे सरकली. पन्नास वर्षं माझ्यावर अक्षता पडल्या होत्या हो.

ठाण्यात साहेबांनी पट्टीने माझं पातं मोजलं. "नौ इंच से कम है, चौड़ाई भी दो इंच से कम. घर में रखो, कोई नहीं पूछेगा. लेकिन चुनाव में कपड़ों के अंदर छुपाकर क्यों घूम रहे हो?"

"सर, कल मेरी शादी है."

"दूल्हे चाकू छुपाते हैं?"

गुन्हा नोंदला की नोकरी गेली, हे पियुषला कळत होतं. मी टेबलावर पडले होते. मला तोंड असतं, तर ओरडून सांगितलं असतं.

देवीदासच पुढे झाला. "साहब, हमारे तरफ भी दूल्हा कटार रखता है. पर नींबू लगा के." पियुष एकदम उठला. बाहेर उभ्या स्कूटरची डिकी उघडली, लिंबू आणलं. देवीदासने माझं टोक लिंबाच्या जुन्या चिरेत घातलं, ते बरोबर बसलं. साहेबांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "जाओ, शादी करो. ये चुनाव तक जमा रहेगा."

लग्न माझ्याविना लागलं. निवडणूक संपल्यावर नाना पावती घेऊन आले. मालखान्याच्या खिडकीतून मला त्यांची काठी दिसली. मागून पियुष धावत आला. "नाना, रजिस्टर में नाम मत लिखवाओ. वेरिफिकेशन बाकी है." पियुषने त्यांचा हात धरला आणि ते परत गेले. पुन्हा आले नाहीत.

आता ठाणं नव्या इमारतीत चाललंय. बेवारस माल वितळवायचा, अशी यादी झाली आहे. देवीदास आता म्हातारा झालाय, निवृत्तीला आलाय. काल त्याने माझ्यासाठी पियुषला फोन लावला. आवाज मलाही ऐकू आला.

"नहीं भैया, हमारे घर का ऐसा कोई चाकू नहीं है."

हळदीच्या रात्री ज्याच्या उशाशी मी जागले, तो असं म्हणाला. मला अजून विश्वास बसत नाही.

देवीदासने फोन ठेवला. चहाच्या टपरीवरून एक लिंबू आणलं, माझ्या टोकाला खोचलं आणि चिठ्ठीवरचा 'चाकू' खोडला. उद्या भट्टी आहे. तुमच्या घरी कुणी नवरदेव होणार असेल, तर त्याला एवढंच सांगा: कितीही लाज वाटली तरी लिंबू काढू नको.